करंगळीच्या जागेवरचं विमान

धावडा, ता. भोकरदन
२० ऑक्टोबर २०२४

मामा,
पाया पडते. उषामामीलाबी सांगा.

पाकीट बघून तुम्ही म्हणाल, चौथी शिकलेल्या दैवशालेला पत्राचं काय खूळ लागलं. दुसरा इलाज न्हाई. फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाई. मी इकडून घसा फाडते आन् तुम्ही तिकडून म्हणता, "हां हां, पाऊस बरा झाला." मोबाईलवर लिहायचं तर पोरीकडून, प्रियदर्शनीकडून लिहून घ्यावं लागतं, आन् हे तिला कळू द्यायचं न्हाई. म्हणून दुकानातून पेन आणलाय. अक्षर लागलं न्हाई तर मामीला विचारा, तिला लागंल.

सरळ सांगते. पोरीनं फौजेची परीक्षा दिली. विमान चालवायची. बापाला सांगून आन् मला न सांगता. तिचा बाप भारत जालन्याला मिलमधी लोखंड तापवतो आन् रविवारी घरी आला की स्वतःच लोणी होतो. पोरगी म्हणली "पप्पा", की ह्याचं "हो". आता ती लेखी पास झाली. पुढं म्हैसूरला पाच दिवसांचा इंटरव्ह्यू हाये म्हणे.

मी म्हणलं, जायचं न्हाई. ती भांडली असती तर मी बघून घेतलं असतं. पण ती म्हणती, "आई, तू हो म्हणल्याशिवाय मी न्हाई जाणार." आन् गप अभ्यासाला बसती. ह्याला काय करावं?

हे सगळं तुमच्या फोटोवरून झालं. केदारखेड्याला आजीच्या घरी तुम्ही विमानाच्या शिडीवर उभे हाय तो. लहानपणी तिला तिथं झोपवायला न्यायचे तर ती त्या फोटोकडंच बघत पडायची. काटा तुम्ही लावलाय, तुम्हीच काढा. तुम्ही लढाईत बाँब टाकायचं विमान चालवलं. तिथं माणसाचं काय होतं ते लिहा. भीती वाटली पाहिजे असं लिहा. गोड बिलकुल लिहू नका. मी ते पत्र तिच्या हातात देईन आन् विषय संपवीन.

मला एकच पोरगी हाये मामा.

दैवशाला


पुणे
३ नोव्हेंबर २०२४

दैवशाला,
आशीर्वाद. अक्षर लागलं. तुझ्या आईचंही असंच होतं, प्रत्येक अक्षर भांडायला उभं.

तू सांगितलंस तसा घाबरवायला बसलो आहे. पण आधी आम्ही कसे उडत होतो ते कळलं पाहिजे, त्याशिवाय भीती कुठे होती ते कळणार नाही. उजवा हात टेबलावर पालथा ठेव. अंगठा आत दुमड. राहिलेल्या चार बोटांची टोकं म्हणजे आमची चार विमानं. मधलं बोट सगळ्यांत पुढे, तो लीडर. त्याच्या डावीकडे दोन नंबर. अंगठीच्या बोटाच्या जागी मी, तीन नंबर. करंगळीच्या जागी कुरियन नावाचा केरळचा मुलगा, चार नंबर. प्रत्येक विमानात दोन माणसं. एक चालवणारा आणि एक पुढे नाकात पालथा पडून नकाशा आणि बाँब सांभाळणारा.

एकाहत्तरचा डिसेंबर. मी पंचविशीत होतो. अंधारात उडालो. माझ्या तोंडाला इतकी कोरड होती की जीभ टाळूला चिकटली होती. हे पोरीला वाचून दाखव. रेडिओवर एक शब्द बोलायचा नाही, कारण पलीकडे कान लावून बसलेले असतात. मग एकमेकांच्या जवळ राहायचं कसं? बघून. मी लीडरच्या पंखाकडे बघायचं आणि दुसऱ्या कशाकडेही नाही. त्याच्या आणि माझ्या पंखांच्या टोकांत बैलगाडी निघेल एवढीच जागा. तो वर, तर मी वर. तो वळला, तर मी वळलो. तो डोंगरात शिरला असता, तर मीही शिरलो असतो. कुरियन तसंच माझ्याकडे बघत होता.

आता इथे एक गोष्ट होते, ती मला आजही नीट सांगता येत नाही. आम्ही ताशी सातशे-आठशे किलोमीटरनं चाललो होतो, आणि तरी कोणी हलत नव्हतं. चार विमानं जागच्या जागी, जणू कोणी दोरीनं वरून टांगली आहेत, आणि अंधार तेवढा मागे वाहतो आहे. लीडर माझ्यापासून इतका जवळ की त्यानं मान वळवली तर कळावं. पंखाच्या टोकावरच्या मंद दिव्यात त्याच्या पंखावरचे खिळे मी मोजू शकलो असतो.

मग तो पंख लाल झाला. वरून नाही, खालून. आम्ही फार उंचावर होतो, तिथे दिवस आधी पोहोचतो. सूर्य आमच्या मागे होता. मी तो पाहिला नाही, नजर हलवायचीच नसते. मी तो लीडरच्या पंखावर पाहिला. खाली सगळा देश काळा आणि आम्ही चौघे चुलीतल्या निखाऱ्यासारखे पेटलेले.

पुढे रडारला दिसू नये म्हणून खाली उतरायचं होतं. उतरू लागलो तसा पंखावरचा रंग विझला. सूर्य उगवला होता त्याच दिशेला परत मावळला. जमिनीलगत पुन्हा रात्र होती. आणि त्या रात्रीत काही वेळ गेल्यावर तोच सूर्य, त्याच सकाळी, दुसऱ्यांदा उगवला.

तुझी मामी खांद्यावरून वाचते आहे. म्हणते, "अहो, पोरीला घाबरवायला बसला होतात ना?" खरं आहे. पुढच्या पत्रात नीट घाबरवतो.

तातेरावमामा


धावडा
२४ नोव्हेंबर २०२४

मामा,
पाया पडते. पण चिडून पडते.

तुम्हाला काय सांगितलं होतं आन् तुम्ही काय लिहिलं! हे पत्र पोरीला दिलं असतं तर ती रातच्या रात पायी म्हैसूरला निघाली असती. शेवेच्या डब्याखाली ठेवलंय.

आन् सूर्य दोनदा उगवला म्हणे. मी म्हणलं म्हाताऱ्याचं वय झालं, काहीबी लिहून राह्यला. पण डोक्यातून जाईना. आम्ही बायका सध्या शेडनेटमधी टमाट्याच्या क्रॉसिंगला जातो. एकेक फूल चिमट्यानं धरायचं, बियाण्यासाठी त्याला दुसऱ्या झाडाच्या फुलाची पावडर लावायची, नजर फुलावर पाहिजे. माझ्या डोळ्यापुढं पंखच. मालकीण म्हणली, "दैवशालाबाई, झोप झाली न्हाई का?" मी म्हणलं, झाली, तुम्ही तुमचं बघा.

शेवटी गेले. गावामागं देवीची टेकडी हाये, तिथं अंधारातच निघाले. कोणाला सांगितलं न्हाई. तर ही पोरगी मागं. "आई, कुठं चालली?" मी म्हणलं, "तुझ्या मामाआजोबाचं खोटं धरायला." तोंडातून निघून गेलं. आता विचारल्याशिवाय सोडती का? वर जाईपर्यंत तिनं सगळं काढून घेतलं, पत्र आलंय हेबी.

समोर पूर्वेला डोंगराची पाठ हाये. आम्ही उभ्या राह्यलो. थंडी अशी, की दात वाजून राह्यलते. मंग डोंगराच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढा उजेड आला. आला तशी मी पटकन खाली बसले.

गेला!

मामा, खरंच गेला. परत अंधारल्यासारखं झालं. मी उभी राह्यले, तर आला. बसले, गेला. पोरगी म्हणली, "आई, पळ!" आन् आम्ही दोघी उतारावरून खाली पळत सुटलो. चप्पल हातात. थोड्या खाली येऊन थांबलो, तर रात्रच. गार, निळी. पाखरंबी गप. वर टेकडीच्या शेंड्यावर ऊन पडलेलं दिसून राह्यलं आन् आम्ही खाली अंधारात. मंग हळूहळू डोंगरावरून तोच सूर्य आमच्यासाठी परत निघाला. पोरगी हसून राह्यली होती. मला हसू आलं न्हाई. मी खालीच बसले. पन्नाशी आली माझी. आजवर रोज सकाळी उठले, झाडलं, शेण काढलं, भाकरी थापल्या. सूर्य आपल्या उठण्या-बसण्यावर हाये हे मला कोणीच कसं सांगितलं न्हाई?

ते जाऊ द्या. कामाचं विचारते.

आम्ही खुरपायला जातो तवा पात धरतो. म्हंजे दोन-दोन ओळी एकेकीला, आन् सगळ्या बराबर पुढं सरकायच्या. तुमचं तसंच दिसतं. पण आमच्यात एखादी मागं पडली की बाजूची तिच्या ओळीत दोन हात मारती आन् तिला बराबर आणती. तुमच्यात मागं पडलं तर कोण हात मारतं?

आन् दुसरं. बाँब टाकले म्हणता, तर खाली कोण होतं? माणसं होती का? ते तुम्ही सोडून दिलं. सूर्याचं लिहिलं पानभर आन् त्याचं एक अक्षर न्हाई. मी शिकलेली न्हाई, पण एवढं कळतं. ते लिहा. घाबरवायचं त्यात असंल.

दैवशाला


पुणे
१५ डिसेंबर २०२४

दैवशाला,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. टेकडीचं वाचून आम्ही दोघं म्हातारी हसलो. शेवटचे दोन प्रश्न वाचून मी उठून गॅलरीत गेलो. शाळांत, मंडळांत भाषणाला बोलावतात, लोक टाळ्या वाजवून घरी जातात. खाली कोण होतं, असं मला आजवर कोणी विचारलं नाही.

होती. माणसं होती. आम्हाला शत्रूची धावपट्टी फोडायची होती. तिच्या कडेला तोफांवर माणसं होती, विमानं दुरुस्त करणारी होती, कोणी चहा करत असेल. मला ती दिसली नाहीत. बाँब टाकायला पुन्हा वर चढलो होतो, त्या उंचीवरून माणूस दिसत नाही. दिसला असता तर ते काम किती जणांना जमलं असतं, कोण जाणे. बाँब सुटले की विमान एकदम हलकं होतं आणि जू काढलेल्या बैलासारखं वर उसळतं. त्या क्षणी अंगातही तसंच हलकं वाटतं. हे खरं आहे म्हणून लिहितो. त्या हलकेपणाची मला नंतर फार भीती वाटली, तोफांपेक्षा जास्त.

आता पहिला प्रश्न. मागे पडलं तर कोण हात मारतं? कोणी नाही. मारता येत नाही. मी लीडरकडे बघणार, म्हणजे डावीकडे. कुरियन माझ्या उजवीकडे. तो माझ्या भरवशावर उडत होता, माझ्याकडेच बघत होता, आणि मला तो दिसत नव्हता. ज्याला सांभाळायचं त्याच्याकडे पाठ करून त्याला सांभाळायचं, असं ते काम आहे. फक्त हलक्या हातानं चालवायचं. आपण झटका दिला तर तो कुठे फेकला जाईल. सगळा रस्ता मी पाण्यानं भरलेली परात घेऊन चालावं तसा चाललो.

धावपट्टीवरून वळताना माझ्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात उजेड झाला. मी मान वळवली नाही. वळवली असती तर लीडरवर आदळलो असतो. वळण पूर्ण झालं, विमान सरळ झालं, मग बघितलं. तिथे आकाश होतं.

परतीला सूर्य समोर होता. इतका स्वच्छ दिवस मी पुन्हा पाहिला नाही. खाली वाळवंटातल्या टेकड्यांच्या सावल्या लांबच लांब पडलेल्या, एकेक झुडुप ओळखू यावं. कुरियन नाही, त्याचा नकाशावाला नाही आणि हे सगळं असं आहे, याचा मला संताप येत होता. आणि तरी, दैवशाला, मी ते बघत होतो. आम्ही तिघे पुन्हा टांगल्यासारखे स्थिर, आणि माझ्या उजवीकडे एक जागा. तळावर पोहोचल्यावर उतरायला वळलो, तेव्हा मी वळण मोठं घेतलं. बाहेरच्या अंगाला अजून कोणी आहे, त्याची दमछाक होऊ नये, असं. कोणी सांगितलं नव्हतं. पुढे बघतो तर लीडरनंही तसंच मोठं घेतलं होतं.

तू मागितलंस ते हे. पोरीला दे.

तातेरावमामा


धावडा
५ जानेवारी २०२५

मामा,

उशीर झाला लिहायला. मिरचीची तोडणी होती, पण त्याच्यामुळं न्हाई.

पत्र दिलं न्हाई मी पोरीला.

जे मागितलं ते आलं, आन् आता हात होत न्हाई. पहिलं पत्र तिनं शेवेच्या डब्याखालून काढून पाठ केलंय, हे पाठ करू दिलं न्हाई. माझ्या लुगड्यांच्या खाली ठेवलंय. तिनं विचारलं, "मामाआजोबाचं आलं का?" मी म्हणलं, न्हाई आलं, पोस्टमन मेला असंल. बिचारा दुसऱ्याच दिवशी बँकेचं पाकीट घेऊन दारात.

का दिलं न्हाई ते मलाच नीट कळंना. तिला भीती वाटावी म्हणूनच तर मागवलं. मंग वाचताना मलाच वाटलं, की ही भीती कोणाला घरी बसवायला वापरायची न्हाई. ते कुरियनचं हाये. ते असं वापरलं तर बाटंल.

पण ती जागा तुम्ही रिकामी का ठेवली? आमच्यातली एखादी गेली तर तिची पात बाजूची ओढून घेती. रिकामी ठेवली तर गवत माजतं. गेल्या वर्षी शालू गेली, काविळीनं. तिच्या दोन ओळी मी घेतल्या. रडत रडत घेतल्या, पण घेतल्या. तुम्ही शिकलेले लोक रिकामी ठेवता. तुमचं बराबर का आमचं, मला कळत न्हाई.

आन् त्याच्या आईला कोणी सांगितलं? का नुसता सरकारचा कागद गेला? हे मला पाहिजे. हे कळल्याशिवाय मी हो न्हाई आन् न्हाईबी म्हणत न्हाई. बोलावणं आलंय, फेब्रुवारीच्या शेवटाला जायचंय. भारत रोज फोनवर विचारतो, "काय ठरलं?" मी म्हणते, तू लोखंड तापव.

दैवशाला


पुणे
१९ जानेवारी २०२५

दैवशाला,
आशीर्वाद.

शालूच्या ओळी तू घेतल्यास, तुझं बरोबर. जमिनीवर तसंच करावं लागतं. आमच्याकडेही दुसऱ्या दिवशी चार नंबरला दुसरा आला, आणि मी त्यालाही तसाच हलक्या हातानं नेला. रिकामी जागा तेवढ्या एका वळणापुरती होती. तेवढी तरी ठेवू दे आम्हाला.

सरकारचा कागद गेला होताच. लढाई संपल्यावर सुट्टी मिळाली, तेव्हा मी गेलो. गाडी, मग बस, मग होडी. घर पाण्याच्या काठाला. घरात आई एकटी, कमरेला लुंगीसारखं पांढरं मुंडू, कानात जड सोनं. मला मल्याळम येत नाही, तिला दुसरं काही येत नव्हतं. शेजारचा शिकलेला माणूस बोलावू म्हणत होते लोक, तिनं हातानं नको म्हटलं. मला मासा-भात वाढला. मी माळकरी घरातला पोरगा, जन्मात मासा खाल्ला नव्हता. खाल्ला.

जेवण झाल्यावर तिनं आकाशाकडे हात केला आणि मग माझ्याकडे. कसं होतं ते विचारत होती. मला शब्द नव्हते, म्हणून मी हात पालथा करून बाकावर ठेवला, तुला सांगितला तसा. बोटं एकेक दाखवली. हा पुढचा. हा मी. आणि हा तुमचा मुलगा.

तिनं माझी करंगळी धरली.

धरली ती सोडेना. मी तसाच बसलो. समोरून होड्या जात होत्या, नारळ भरलेल्या. आवाज नाही, पाण्याला रेघ पडायची आणि मिटायची. ती रडली नाही. ती करंगळीकडे असं बघत होती, की मी इतक्या वर्षांत कोणाला कशाकडे तसं बघताना पाहिलं नाही. ऊन उतरल्यावर तिनं हात सोडला, उठली आणि माझ्यासाठी बसमध्ये खायला केळी बांधली.

तू विचारलं नाहीस, पण तुला विचारायचं आहे ते मला दिसतं. पोरगी परत येईल का? मला माहीत नाही. बहुतेक येतात. मी आलो. कोणी तुला खात्री देऊ लागला तर त्याला घरातून काढ. मी देणार नाही.

पण ते पत्र तिला दे. तिला मी फक्त सूर्य दिला, असं होऊ देऊ नकोस. तू न दिलंस तर अर्धं आकाश दाखवून पोरीला फसवलं, असं माझ्या माथी येईल.

तातेरावमामा


धावडा
९ फेब्रुवारी २०२५

मामा,
पाया पडते.

दिलं न्हाई, वाचून दाखवलं. मीच. दोन्हीबी पत्रं. भारतबी आलता रविवारचा. जेवणं झाली, ताटं तशीच ठेवली, दार लावून घेतलं. पोरगी म्हणली, "दे, मी वाचते, तुला वेळ लागंल." मी म्हणलं, "लागू दे. माझ्याच तोंडून ऐक." अक्षराखाली बोट ठेवून वाचलं. जिथं तुम्ही "तिथे आकाश होतं" लिहिलंय, तिथं मला पुढं जाता येईना. भारत तोवर टॉवेलात तोंड घालून बसलेला. त्याला म्हणलं, "माणूस हाये का काय! तुझ्याच्यानं ऐकवत न्हाई आन् पोरीला धाडायला पुढं." तर म्हणतो, "दोन्ही होऊन राह्यलं, दैवशाला. काय करू?"

मी पोरीकडं वळले. मी म्हणलं, "भीती वाटली का न्हाई? खरं सांग."

"वाटली. पाय गार पडलेत. हात लावून बघ."

लावून बघितला. खरंच गार.

"मंग?"

"मंग काय. तरी जायचंय, आई."

मला वाटलं आता द्यावी एक. तेवढ्यात ती म्हणली, "आई, मामाआजोबाला कुरियन दिसत नव्हता. पण कुरियनला शेवटपर्यंत मामाआजोबाच दिसत होते, न्हाई का? म्हंजे तो एकटा नव्हता."

मी तिच्याकडं बघत राह्यले. अठरा वर्षं हिला जेवू घातलं, न्हाऊ घातलं, उवा काढल्या. आन् ही कोण, कुठून आली, मला माहीतच न्हाई असं झालं. टेकडीवर झालं तसंच. समोरच असतं आन् दिसत न्हाई.

मी म्हणलं, जा.

तेवढंच म्हणलं. मंग ताटं घासायला गेले. तर भारत मागून येऊन म्हणतो, मी घासतो. ठेव म्हणलं बाजूला, नाटकं.

झोप येत न्हाई मामा मला. हो म्हणून बसले, पण झोप येत न्हाई. हे तुम्हाला सांगून ठेवते.

दैवशाला


पुणे
१८ फेब्रुवारी २०२५

दैवशाला,

तुझ्या पोरीचं वाक्य मी कागदावर उतरवून तुझ्या मामीला दिलं आणि म्हटलं, मोठ्यानं वाच, माझ्या चांगल्या कानापाशी. तिनं वाचलं. पुन्हा वाच म्हटलं.

त्रेपन्न वर्षं मी ती सकाळ माझ्या खुर्चीतून बघत आलो. त्याच्या खुर्चीतून ती कशी दिसली असेल, तिथे बसून मी कधी बघितलं नव्हतं. तिथून मीच दिसत होतो. पंखावर उजेड पडलेला.

आज जास्त लिहवत नाही. तिला सांग, तिथे पाठ केलेलं बोलू नकोस. भूक लागली तर लागली म्हण.

तातेरावमामा


धावडा
८ मार्च २०२५

मामा, मामी,
दोघांच्या पाया पडते.

घेतली तिला.

तपासणी राह्यली म्हणती डॉक्टरांची, आन् मंग यादी. पण त्या पाच दिवसांतून पार पडली. पहिल्याच दिवशी निम्म्याच्या वर पोरं-पोरी परत धाडली. शेवटाला थोडेच राह्यले, त्यात ही. फोनवर काही सांगितलं न्हाई. "घरी येऊन सांगते," एवढंच. मला जीव जाऊस्तोवर टांगून ठेवलं.

जालन्याला स्टेशनवर मीच घ्यायला गेले. भारतला मिलमधून सुट्टी न्हाई मिळाली. गाडी उशिरा. मी दोनदा त्या खिडकीवरल्या माणसाशी भांडले. गाडी आली, पोरगी उतरली, पाठीवर ती पिशवी. माझ्यासमोर येऊन उभी राह्यली आन् म्हणली, "आई, झालं."

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. जोरात. दुसरं काय करावं सुचलं न्हाई. ती हसायला लागली आन् मी रडायला. लोक बघून राह्यलते. बघू दे.

मंग भोकरदनची बस धरली. बसली तशी झोपली माझ्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून. शेजारी राजूरला उतरणारी एक बाई होती, अंगावर चांगली साडी, हातात बाळंतिणीचा डबा. पोरीकडं बघून म्हणली, "दमली दिसती. कुठं नोकरीला हाये का?"

मी गावात आजवर सगळ्यांना सांगत होते, नर्सिंगचा फॉर्म भरलाय. तेच यायलं होतं तोंडात. पण म्हणलं, "विमान चालवायला जाणार हाये. लढाईचं."

बाई दोन बोटं सरकली. "अगं बाई! आन् पडलं मंग?"

मी म्हणलं, "पडतंबी एखांद्या टायमाला. तरी चालवणार हाये."

दैवशाला